मोठ्या हाउंडसाठीचं कोरडं खाद्य: आठ महिने, अकरा बॅगा आणि एक वाईट रात्र

मत आधीच सांगून टाकते. खाद्य चांगलं आहे आणि पुढेही मी हेच घेणार आहे. पण बॅगेच्या पाठीवरच्या तक्त्याच्या भरवशावर राहिलात तर कुत्रा जाड होईल, आणि बॅगेच्या झिपच्या भरवशावर राहिलात तर त्याहून वाईट काही घडू शकतं. आमच्या घरी दोन्ही घडलं, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. एकाच नावाचं खाद्य वेगवेगळ्या बाजारांत वेगळ्या घटकांचं निघू शकतं. तुमच्या हातातल्या बॅगेवर काय छापलंय ते वाचता येणं जास्त कामाचं.

आमचा खंड्या ब्लडहाउंड आहे, म्हणजे वासावरून माग काढणाऱ्या मोठ्या शिकारी जातीचा. साडेचार वर्षांचा नर, नसबंदी झालेली, हे खाद्य सुरू केलं त्या दिवशी वजन ४३ किलो २०० ग्रॅम. आठवड्यातून तीन दिवस मी त्याला लांब दोरावर माग काढायला नेते, सहा-सात किलोमीटर, कधी जास्त. उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ चालणं. माग काढताना तो पळत नाही. नाक जमिनीला लावून, कान फरफटत, दोन-दोन तास एकाच चालीने ओढत राहतो. त्याच्या खाण्याचा विचार करताना हे महत्त्वाचं ठरतं. थोडा वेळ जिवाच्या आकांताने धावणाऱ्या ग्रेहाउंडचं काम वेगळं आणि तासन् तास मंद चालीने चालणाऱ्याचं वेगळं. लांबच्या, संथ कामात कुत्र्याचं शरीर मुख्यतः चरबी जाळून चालतं. म्हणून मला खाद्यात बऱ्यापैकी स्निग्धांश हवा होता आणि स्नायू टिकवायला चांगली प्रथिनं.

बॅग १२ किलोची, 'मोठ्या जातीच्या सक्रिय प्रौढ कुत्र्यांसाठी'. प्रथिनं २६ टक्के, स्निग्धांश १५, तंतू साडेतीन, राख (म्हणजे खनिजं) साडेसात, ओलावा १०. घटकांमध्ये पहिलं नाव कोंबडीच्या मांसाच्या भुकटीचं, मग तांदूळ, मका आणि चौथी कोंबडीची चरबी. पुढे माशाचं तेल, बीटचा चोथा, क्षार, जीवनसत्त्वं. धान्य आहे म्हणून मी नाक मुरडलं नाही. धान्याऐवजी वाटाणे, मसूर, बटाटे भरलेल्या खाद्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०१८ साली जाहीर केली. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि ज्याला धान्य पचतं त्याचं धान्य बंद करायला मला तरी कारण दिसत नाही.

त्या चौथ्या नावाने मात्र मी थबकले. ज्या कोरड्या खाद्याच्या पहिल्या चार घटकांत तेल किंवा चरबी येते, ते खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ बसण्याचं प्रमाण जास्त आढळलं, असा एक अभ्यास २००६ साली आला होता. चरबीमुळेच पीळ बसतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण ब्लडहाउंडच्या घरात ही गोष्ट वाचून विसरता येत नाही. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका असतोच. जठर वाऱ्याने फुगतं, स्वतःभोवती फिरतं, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत खेळ संपतो. आमच्या डॉक्टर मॅडमना लेबलचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "त्याच्या कामाला स्निग्धांश लागणार आहे. तो किती, किती वेगाने आणि कितीदा खातो याकडे तू लक्ष दे, ते आपल्या हातात आहे." मी ते मानलं.

पहिली चूक माझी. जुनं खाद्य संपत आलं होतं म्हणून तीन दिवसांत पूर्ण नव्यावर आणला आणि चौथ्या दिवशी शी पातळ झाली. सात ते दहा दिवस हवेतच. सुरुवातीला एक भाग नवं आणि तीन भाग जुनं, मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग नवं. पुन्हा मागे येऊन तसं केलं आणि आठवड्याभरात सगळं जागेवर आलं. तेव्हापासून शी घट्ट, उचलली तर मागे डाग न राहणारी, दिवसातून दोनदा. आधीच्या खाद्यावर तीन-चारदा व्हायची. म्हणजे पचतंय. दीड महिन्यात अंगावर तेज आलं, मानेवरच्या वळ्यांतला कोंडा कमी झाला. तो मला माशाच्या तेलाचा गुण वाटतो.

आता तक्ता. ४० ते ४५ किलो, सक्रिय: रोज ६२० ते ७०० ग्रॅम. मी मधला आकडा धरला, ६६०. बॅगेसोबत एक माप येतं, त्यावर २२० ग्रॅमची रेघ. तीन मापं, सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड. अकरा आठवडे हे इमानेइतबारे केलं. अकराव्या आठवड्यात दादा सुट्टीवर घरी आला, खंड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "अगं, याच्या बरगड्या कुठे गेल्या?" रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते असं. काट्यावर घेतला तर ४७ किलो १०० ग्रॅम.

बरगड्या तपासायची रीत सोपी आहे, प्रत्येकाने शिकून घ्यावी. एका हाताची बोटं सरळ ठेवून, तळवा खाली करून, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मागच्या बाजूवर फिरवा. कातडीखाली हाडं सहज लागतात. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागायला हव्यात. मूठ वळून तिच्या टोकदार हाडांवर बोटं फिरवा, तशा लागल्या तर कुत्रा वाळलाय. आणि तळहातावर फिरवल्यावर लागतं तसं गुबगुबीत लागलं, तर चरबी साठलीय. खंड्या तळहाताकडे झुकला होता. कुत्रा किती जाड-बारीक हे ठरवायच्या नऊ अंकांच्या पट्टीवर मॅडमनी त्याला सहा दिले, चार-पाच हवेत. ब्लडहाउंडच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याची कातडी इतकी सैल की नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. हात लावूनच बघायचं.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातला काटा काढला आणि बॅगेतलं माप रेघेपर्यंत भरून दहा वेळा तोललं. सगळ्यांत कमी २१४ ग्रॅम, सगळ्यांत जास्त २५१, बहुतेक वेळा २४० च्या आसपास. म्हणजे मी ६६० समजून रोज ७२० च्या घरात घालत होते. शिवाय मुळात ६६० तरी त्याला हवे होते का?

हा हिशोब इथे लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, ते तीनदा एकमेकांशी गुणा, आलेल्या आकड्याचं दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ४३ साठी ते साधारण ११७५ येतं. ही झाली नुसतं पडून राहिलं तर लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीत. नसबंदी झालेल्या, रोज हिंडत्या-फिरत्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट धरून सुरुवात करतात, म्हणजे १८८०. आता खाद्यात किती आहे ते. प्रथिनांच्या टक्क्यांना साडेतीनने, स्निग्धांशाच्या टक्क्यांना साडेआठने आणि बाकी उरलेल्या पिष्टाला पुन्हा साडेतीनने गुणायचं. या बॅगेत पिष्ट ३८ टक्के निघतं, आणि सगळं मिळून १०० ग्रॅमला सुमारे ३५२ किलोकॅलरी. १८८० ला लागतात ५३५ ग्रॅम. मी घालत होते ७२०. वर माग काढतानाचं बक्षीस वेगळं!

'सक्रिय' या शब्दाला मोजमापच नाही, खरी गोम तिथे आहे. बर्फावरून शेकडो किलोमीटर गाडी ओढणाऱ्या शर्यतीच्या कुत्र्याला दिवसाला १०,००० किलोकॅलरीच्या आसपास लागतात, तोही सक्रिय. रोज दोनदा बागेत जाणारा कुत्राही मालकाच्या मते सक्रियच. तक्ता या दोघांच्या मध्ये कुठेतरी बोट ठेवतो. एकाच वजनाच्या, सारखंच हिंडणाऱ्या दोन कुत्र्यांची गरजसुद्धा बरीच वेगळी असते. कंपनीने तक्त्याशेजारी 'दर पंधरवड्याला वजन करा, बरगड्या तपासा आणि त्यानुसार कमी-जास्त करा' एवढं ठळक छापलं असतं तरी मी आधी जागी झाले असते. छापलंय, पण नखाएवढ्या अक्षरांत, अगदी तळाला.

मोठ्या कुत्र्याच्या चार जास्तीच्या किलोंचा इतका घोर का, असं आईने विचारलं होतं. तिला मी ४८ लॅब्रॅडॉरची गोष्ट सांगितली. भावंडांच्या जोड्या लावून अर्ध्यांना पोटभर आणि अर्ध्यांना त्याच्या चतुर्थांशाने कमी, असं जन्मभर खायला घातलं. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मे १३ वर्षांहून जास्त जगले, पोटभर खाणाऱ्यांपैकी निम्मे ११.२ वर्षांहून. शिवाय सांध्यांचं दुखणं कमी खाणाऱ्यांना उशिरा लागलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "जवळजवळ दोन वर्षं जास्त?" त्या दिवसापासून तिच्या ताटातलं उरलंसुरलं खंड्याला मिळायचं बंद झालं. मी कितीदा सांगून झालं नव्हतं ते या एका आकड्याने झालं. याच बॅगेवर 'सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन' असं मोठ्या अक्षरांत आहे. खाद्यात ते इतकं थोडं असतं की मी त्यासाठी ही बॅग घेणार नाही. सांधे जपायचे तर वजन जपा, माझा तरी त्याच्यावर विश्वास आहे.

मॅडमच्या देखरेखीखाली रोज ४३० ग्रॅमवर आणला, काट्यावर तोलून. चौदा आठवडे लागले. भूक लागली की तो माझ्या पायाशी येऊन डोकं मांडीवर ठेवायचा आणि ते लोंबते डोळे वर करून बघायचा. ते सोसणं सोपं नव्हतं. उकडलेलं गाजर, थोड्या हिरव्या शेंगा यांनी पोट भरल्यासारखं होतं. माग काढतानाचं बक्षीस मी त्याच ४३० मधून वेगळं काढायला लागले.

आणि याच काळात ती रात्र आली. बॅगेला वर सरकपट्टीसारखी झिप आहे. पहिल्या चार बॅगांपैकी तिघींची झिप आठवड्यातच कागदापासून सुटली होती. मी चिमटा लावून ठेवायचे. त्या रात्री कोठीच्या खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. माग काढणाऱ्या, भुकेल्या कुत्र्यासमोर उघड्या तोंडाची बॅग. साडेअकराला पाण्याच्या भांड्याचा सपसप आवाज ऐकून मी उठले. खंड्या पाणी पीत होता, थांबतच नव्हता, पोट दोन्ही बाजूंनी ढोलासारखं ताणलेलं. मी टिचकी मारली तर आवाज भरीव आला. मग त्याने मान खाली घातली आणि ओकारी काढली. काही पडलं नाही. पुन्हा काढली. फक्त लाळेची तार.

दादाने मॅडमना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काही बाहेर पडतंय का, की कोरड्या ओकाऱ्या?" कोरड्या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "निघा. काही पाजू नका, वाट बघत बसू नका." मी निघता निघता बॅग काट्यावर टेकवली. सकाळी लिहून ठेवलेला आकडा ११ किलो १४० होता, काट्यावर ९ किलो ४०० दिसत होते. पावणेदोन किलोच्या जवळ खाद्य त्याच्या पोटात होतं आणि वर पाणी पिऊन ते फुगत होतं.

उजव्या कुशीवर निजवून एक्स-रे काढला. जठराला पीळ बसला असेल तर एक्स-रेत त्याचे जणू दोन फुगे झालेले दिसतात. खंड्याचा एकच होता, दाण्यांनी गच्च भरलेला. पीळ नव्हता. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला दाणा न् दाणा दिसला. शिरेतून सलाइन लावलं, तीन तासांनी पुन्हा एक्स-रे, पहाटे तिसरा. मी रात्रभर त्याच्या कानाखाली हात धरून जमिनीवर बसले होते. सकाळी सहाच्या सुमाराला पोट सैल पडायला लागलं आणि त्याने पहिल्यांदा शेपूट हलवली. शस्त्रक्रिया लागली नाही. पण पीळ बसलाय की नाही हे घरी बसून कुणालाही कळत नाही, आणि कोरड्या ओकाऱ्या, ताणलेलं पोट, सारखी उठबस, लाळ हे दिसलं की दर मिनिटाला महत्त्व असतं. ही चार लक्षणं आता आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहेत.

कंपनीला मी झिपचे फोटो पाठवून लिहिलं. पहिलं उत्तर जाहिरातीच्या भाषेत आलं, ग्राहक आमच्यासाठी मोलाचे वगैरे. पुन्हा लिहिलं आणि सोबत तीन प्रश्न विचारले: १०० ग्रॅममध्ये मोजलेली ऊर्जा किती, कॅल्शियम व फॉस्फरस किती, आणि खाद्याची रचना करणारा पशुपोषणतज्ज्ञ तुमच्याकडे पूर्णवेळ आहे का. दहा दिवसांनी एका तज्ज्ञाचं नीट उत्तर आलं. ऊर्जा ३५६, माझ्या हिशोबाच्या अगदी जवळ. कॅल्शियम १.२ टक्के, फॉस्फरस १. पूर्णवेळ तज्ज्ञ आहेत. या उत्तरामुळेच मी हे खाद्य सोडलं नाही. झिपबद्दल दिलगिरी होती, पण नंतरच्या बॅगांनाही तीच झिप आहे. हे मला अजिबात पटत नाही. मोठ्या कुत्र्यांसाठी म्हणून विकता, त्यांची ताकद आणि भूक तुम्हाला माहीत असणार. मग निदान तोंड तरी बंद राहील अशी बॅग द्या.

आता मी आख्खी बॅग, न ओतता, फिरकीच्या झाकणाच्या पिंपात उभी करते. ओतत नाही याचं कारण, पिंपाच्या तळाला चरबीचा थर साचून खवट होतो आणि नवं खाद्यही त्याने बिघडतं. शिवाय तारीख व बॅच क्रमांक बॅगेवर राहतात, काही झालं तर ते लागतात.

भांड्याबद्दलही लिहायलाच हवं. खंड्या साध्या भांड्यात २८० ग्रॅम पन्नास सेकंदांत संपवायचा. आता आत उंचवटे असलेलं, वेग कमी करणारं भांडं आहे, त्यात सहा-सात मिनिटं जातात. आईने मान दुखू नये म्हणून प्रेमाने उंच स्टँड आणला होता, तो मी काढून टाकला. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ मोठ्या जातींचे सोळाशेहून जास्त कुत्रे अभ्यासले आणि २००० साली निष्कर्ष छापले: उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्यांत पोटाला पीळ बसण्याचं प्रमाण जास्त होतं. त्या ११ जातींत ब्लडहाउंडही होता. भांडं जमिनीवर, खाण्याच्या आधी तासभर आणि नंतर तासभर धावपळ नाही. माग काढून आल्यावर आधी पाणी थोडं थोडं, मग झोप, मग जेवण. रोजचं दोन वेळा, लांबच्या मागाच्या दिवशी तेच तीन वेळांत विभागून. कान मात्र उंचवट्यांच्या भांड्यात पडतातच. केसांत ओले कण वाळून कानाच्या टोकाला वास यायला लागला, म्हणून जेवताना कापडाची सैल नळी डोक्यावरून चढवते, दोन्ही कान मागे. नळी हातात घेतली की तो आपणहून मान पुढे करतो.

ज्यांच्याकडे हाउंडचं पिल्लू आहे त्यांनी ही बॅग घेऊ नये, ती प्रौढांसाठी आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. पिल्लांच्या खाद्यावर 'मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही योग्य' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. वर कॅल्शियमची पावडर घालू नका.

खाद्याला पाचपैकी साडेचार, तक्त्याला दोन, बॅगेला एक. खंड्या सध्या रोज ५०० ग्रॅमवर आहे, बक्षिसाचे दीड-पावणेदोनशे किलोकॅलरी वेगळे. मागच्या रविवारी काट्यावर ४३ किलो १०० होता. काल सात किलोमीटरचा, चार तास जुना माग त्याने शेवटपर्यंत काढला, आणि परत येताना दोर मलाच ओढायला लावला.